बाहेरगावची एकवीस वर्षं

"टेक्सास," डॉक्टर लिंडक्विस्टनी पडद्यावरून वाचलं, "गोदामात मॅनेजर, एकवीस वर्षं," आणि आपलंच उष्टं कोणीतरी पुन्हा ताटात वाढावं तसं मला झालं. वाक्य माझं होतं. दीड महिन्यापूर्वी याच दवाखान्याच्या खिडकीपाशी उभ्या उभ्या, साखळीनं टेबलाला बांधलेल्या पेनानं मी धाकट्या भावाचा फॉर्म भरला होता. रोझेलला लिहिता येत नाही असं नाही. पण फॉर्म दिसला की तो माझ्याकडे सरकवतो आणि मी तो भरतो, ही आमच्या घरातली जुनी वाटणी. 'यापूर्वीचा निवास व व्यवसाय' अशी एक आखूड रेघ होती. त्या रेघेत मी एकवीस वर्षं नीट बसवली आणि 'मॅनेजर' घातलं ते निव्वळ हौसेनं. आता ते वाक्य तिशीतल्या एका गोऱ्या बाईच्या स्वच्छ तोंडातून निघालं आणि बंद खोलीत वास सुटावा तसं पसरलं. रोझेल तपासणीच्या टेबलावर, कागदाच्या चादरीवर बसला होता. हललं की कागद कुरकुरतो म्हणून तो हलत नव्हता. खुर्चीवर डेल्फीन, शहर बसच्या चालकाच्या गणवेशात, पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरून. रोझेल गेली तीन वर्षं तिच्या घरी राहतो. मी भिंतीला टेकलेलो, आणि समोरच्या भिंतीवर आरोग्य खात्याचं चित्र : पांढऱ्या केसांचे काळे आजोबा, खांद्यावर नात, खाली 'अजून खूप जगायचंय!' त्या आजोबांची शोकपुस्तिका मी गेल्या वर्षी छापली. वय एक्कावन्न. केस चित्रापुरते पांढरे केले होते.

"मी का विचारतेय ते सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "रक्तात हिपॅटायटिस सी आहे, त्याची भीती नको. गोळ्या आहेत, तीन महिन्यांत जातं. पण त्यानं लिव्हर बरंच खाल्लंय. पन्नाशीच्या माणसाचं वाटत नाही. आणि लिव्हरवर एक डाग आहे, साडेतीन सेंटिमीटरचा. तो जुना असेल आणि तेव्हाही एवढाच असेल, तर मी त्याच्या वाटेला जाणार नाही. वाढलेला असेल तर लगेच कापायचं. जुना स्कॅन मिळाला तर मला हे पाच मिनिटांत कळेल. नाही मिळाला तर सुई घालून तुकडा काढावा लागेल, आणि तुमचं रक्त लवकर गोठत नाही, मिस्टर टीग. मला त्या सुईचीच काळजी वाटते. टेक्सासात कधी पोटाचा स्कॅन केला होता?" "नाही मॅडम," रोझेल म्हणाला. "एकवीस वर्षांत एकदाही नाही? कुठला तरी दवाखाना?" "गरजच पडली नाही मॅडम. ठणठणीत होतो मॅडम." पाठ ताठ, तळवे मांड्यांवर पालथे, नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे. प्रत्येक वाक्याच्या टोकाला 'मॅडम' लावून तो बोलतो तेव्हा मला त्याच्यामागे एक लोखंडी दार ऐकू येतं. डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काही आठवतं?" मला आठवत होतं. त्या स्कॅनचा वारसुद्धा आठवत होता. मी म्हणालो, "टेक्सास लांब पडतं. आमचं फारसं जाणं व्हायचं नाही." डेल्फीननं माझ्याकडे पाहिलं, मग पर्सच्या खटक्याकडे पाहिलं. खटका तिनं एकदा उघडला आणि मिटला. सुईची तारीख पुढल्या आठवड्यातल्या गुरुवारची मिळाली.

माझा धंदा शोकपुस्तिकांचा. मिलवॉकीच्या आमच्या उत्तर भागात माणूस गेला की चर्चमध्ये प्रत्येकाच्या हातात एक चकचकीत पुस्तिका पडते : वर फोटो, फोटोखाली 'सूर्योदय' आणि जन्मतारीख, 'सूर्यास्त' आणि दुसरी तारीख, आत जीवनचरित्र, मागे शवपेटी उचलणाऱ्यांची नावं. लोक त्या बायबलमध्ये जपून ठेवतात. साहित्य घेऊन पदवी मिळवलेल्या माणसाला इतका इमानी वाचकवर्ग दुसरीकडे मिळाला नसता. चरित्र घरची बाई सांगते, मी लिहितो, आणि मधली वर्षं आली की ती बाई घुटमळते. "तेव्हा तो… नव्हता इथं." "बाहेरगावी," मी म्हणतो. "हां, बाहेरगावी," ती म्हणते, आणि तिचा श्वास सुटतो. पाच वर्षांपर्यंत 'काही काळ बाहेरगावी वास्तव्य'. दहापर्यंत 'प्रवासाची आवड'. त्याच्या वर 'एकांतप्रिय, वाचनात रमत'. फोटो तर ठरलेलाच असतो : तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत, भिंतीवर रंगवलेल्या धबधब्यासमोर, हिरव्या कपड्यांत. माझ्या कॉम्प्युटरवर एक राखाडी सूट आहे, तो मी गळ्याखाली चढवतो. त्या एका सुटात आमच्या भागातले शंभरावर पुरुष देवाघरी गेले असतील. वरती कोणाच्या लक्षात आलं असेल तर कठीण आहे. तारखांना मी हात लावत नाही, पण डोकं आपोआप वजाबाकी करतं. एकोणपन्नास. चोपन्न. सत्तेचाळीस. त्यांच्या आया ऐंशीच्या. त्या पहिल्या बाकावर बसून मुलाच्या पुस्तिकेनं वारा घेतात. आतून सुटून आलेले आणखी लवकर जातात, जणू आतलं एकेक वर्ष बाहेरची दोन गिळून बसलेलं असतं. रक्तदाब, मूत्रपिंड, साखर, लिव्हर. मी नाव लिहीत नाही, 'अल्पशा आजाराने' लिहितो. आजार वीस वर्षांचा असतो. या सगळ्याची मला कधी लाज वाटली नाही, कारण लोक हात हातात घेऊन आभार मानायचे, आणि आभारांची चव तोंडात असली की खालची चव लागत नाही. त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात ती खालची चव वर आली. लिलीच्या फुलांचं पाणी तीन दिवस न बदलल्यावर येतो तसला वास, आणि तो माझ्याच टाळूतून येत होता.

टेक्सास कसं जन्मलं तेही सांगतो. रोझेल पंचविसाव्या वर्षी आत गेला. दुकान लुटणाऱ्या दोघांना गाडीतून नेलं, एवढं त्याचं काम. गाडी आईची होती, आणि मी त्या संध्याकाळी कॉलेजच्या वाचनालयात एका मेलेल्या इंग्रज कवीवर टिपणं काढत होतो. शेहेचाळिसाव्या वर्षी तो सुटला. वर्षभरानंतर चर्चच्या तळघरात शुक्रवारची मासळी तळणं चाललं होतं, तेव्हा रांगेत डेल्फीन होती, नवरा वारलेली, सरळ मानेची, आणि तिनं सहज विचारलं, "तुमचे भाऊ नवे दिसतात?" रोझेल तोंड उघडणार एवढ्यात मी म्हणालो, "टेक्सासला होता. गोदामात. मोठी जबाबदारी." तो काय बोलणार होता ते मला अजून माहीत नाही. त्यानं उघडलेलं तोंड मिटलं आणि ताट पुढे केलं. मला वाटलं, मी त्याला एक बायको मिळवून दिली. आणि स्कॅनचं म्हणाल तर तो शनिवार होता, सुटकेच्या आदल्या वर्षीचा. मी चार तास गाडी चालवून वर, उत्तरेला भेटीला गेलो तर खिडकीतला माणूस म्हणाला, "उपलब्ध नाही." जणू रोझेल म्हणजे एखाद्या मापाचा बूट. पुढच्या खेपेला त्याच्या दोन्ही घोट्यांवर काळे वळ होते. "कपडे धुवायच्या खात्यात चक्कर आली," तो म्हणाला, "मग बाहेरच्या इस्पितळात नेलं. मशीनमध्ये घातलं. पोटाचे फोटो काढले." "काय निघालं?" "काही बोलले नाहीत. म्हणजे ठीक असणार." परत आल्यावर त्याची एकट्याची कोठडी गेली होती, धुण्याचं काम गेलं होतं, आणि त्याची पुस्तकं, रेडिओ, आईची पत्रं एका कचऱ्याच्या पिशवीत कोंबलेली होती. आजारी पडण्याची ही तिथली रीत. तेव्हापासून तो ठणठणीत आहे. आणि मी? मीही धबधब्यासमोर बसून म्हणालो होतो, "हो, ठीकच असणार."

गाडीत डेल्फीन पुढे बसली, रोझेल मागे. "भूक लागलीय?" तिनं विचारलं. "नाही." "सकाळपासून काही खाल्लं नाहीस." "खाईन." "सुईचं ऐकलंस ना? बाई म्हणाली रक्त थांबत नाही." "थांबेल." "तू काय नळ आहेस, थांबेल म्हणतोस?" आरशात मला त्याचं कपाळ दिसत होतं. घामानं भिजलेलं, जानेवारीत. रस्त्यात खड्डा आला की तो उजवी बरगडी कोपरानं आत दाबायचा, तोंडातून आवाज न काढता. मी गाडी हळू चालवत होतो, खड्डे चुकवत होतो, म्हणजे मला सगळं कळत होतं आणि मी ते चाकांनी बोलत होतो. "ॲल्व्हर्नन," डेल्फीन एकदम म्हणाली, "तुम्हा भावांना आई बोलायला शिकवायची राहिली होती का रे?" "शिकवलं होतं की. मी बोलण्यावरच पोट भरतो." "तू लिहितोस," ती म्हणाली. "ते वेगळं." तिला दारात सोडताना रोझेल माझ्या खिडकीशी वाकला आणि हळूच म्हणाला, "दादा, टेक्सासचं राहू दे. घर चांगलंय." त्याच्या श्वासाला कुजकट गोड वास होता. मला किळस आली, आणि सख्ख्या भावाच्या श्वासाची किळस आली म्हणून स्वतःची आली, आणि त्या दोन किळसांमध्ये मी मान हलवली.

सोमवारपर्यंत मी काही केलं नाही. 'विचार करत होतो' असं लिहिता येईल, पण मी विचारही करत नव्हतो, छपाईच्या यंत्राचे रोलर पुसत होतो. सोमवारी सकाळी मिसेस ऑटलीन फेनर आल्या, एक्क्याऐंशीच्या, डोक्यावर जांभळी टोपी, मुलगा कॉर्डेल त्रेपन्नाव्या वर्षी गेलेला, मूत्रपिंडं. खुर्चीवर टेकल्या टेकल्या त्यांनी तोच फोटो काढला, तोच धबधबा. मी लिहू लागलो. शाळा, बेसबॉल, चर्चमधलं गाणं, ढोल. "मग तेरा वर्षं," त्या म्हणाल्या. मी न विचारता टाईप केलं आणि वाचून दाखवलं : "त्यानंतर प्रवासाची आवड…" "काय म्हणालास?" "प्रवासाची आवड, मावशी. बाहेरगावी." "कुठल्या गावी?" "असं लिहितात." "मी विचारते, कुठल्या गावी? तेरा वर्षं मी महिन्याच्या महिन्याला बसनं गेलेय तिथं. पहाटे चारला उठून, डबा घेऊन, डबा आत नेऊ द्यायचे नाहीत म्हणून बाहेरच्या बाकावर एकटीनं खाऊन. गाव नव्हतं रे तिथं. एक पेट्रोल पंप होता." मी म्हणालो, "मावशी, लोक वाचतात…" "लोकांना ठाऊक नाही होय? माझ्यासोबत त्याच बसमध्ये निम्मं चर्च असायचं!" त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. केस अगदी विरळ होते. "ती तेरा वर्षं कॉर्डेलची असतील, पण जाणं-येणं माझं होतं. माझं आयुष्य खोडणारा तू कोण? आणि तो सूटबीट घालू नको त्याला. फेनरबाईंचा मुलगा हिरव्या कपड्यांत बरा दिसायचा." मी छापलं. 'तेरा वर्षं तुरुंगात होता. आई भेटायला जायची.' एवढी दोन वाक्यं. वीस वर्षांत मी लिहिलेली पहिली दोन वाक्यं, असं वाटलं, आणि कागद यंत्रातून कोमट बाहेर आला. सुईला तीन दिवस उरले होते. मी दुकान बंद केलं आणि दुपारच्या बससाठी कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो, कारण डेल्फीनची पाळी त्या मार्गावर असते.

"तिकीट," मी पायरीवर पाय ठेवताच ती म्हणाली. "डेल्फीन, मला बोलायचंय." "तिकीट काढून बोल. आणि पिवळ्या रेघेच्या मागं." चालत्या गाडीत चालकाशी बोलू नये अशी पाटी तिच्या डोक्यावरच होती. मी रेघेच्या मागे, दांडा धरून उभा राहिलो. खिडक्यांवर वाफ, ओल्या कोटांचा वास. सात-आठ माणसं होती. पुढच्याच बाकावर मांडीवर कोबी घेतलेला एक म्हातारा. "रोझेल टेक्सासला नव्हता," मी म्हणालो. तिनं डावीकडचा सिग्नल पाहिला, वळण घेतलं, सरळ झाली. "बरं." "तो आत होता. एकवीस वर्षं. टेक्सास मी रचलं." "बरं." "तुला…" "ॲल्व्हर्नन, तो माणूस माझ्या घरात आंघोळीला चपला घालून जातो. माझ्या मोरीत! जिथं खाली ताट ठेवून जेवता येईल. जेवण चार मिनिटांत, डावा हात ताटाभोवती, जसं काही मीच हिसकावून नेणार आहे. आणि दार. बाहेरून येतो आणि दारासमोर उभा राहतो. कुलूप नसतं, मूठ हाताशी असते, तरी उभा. कोणीतरी उघडेल म्हणून. टेक्सासात दारं आपोआप उघडतात का रे? मला पहिल्या आठवड्यात कळलं." "मग बोलली का नाहीस?" "तो सांगेल म्हणून. तीन वर्षं वाट पाहिली. तो कसा सांगणार? तू इतकं गुळगुळीत सांगून ठेवलं होतंस, त्याला पाय ठेवायला जागा नव्हती." कोबीवाला म्हातारा वर न बघता म्हणाला, "माझा जावईपण टेक्सासलाच होता. चौदा वर्षं." मागून एक बाई ओरडली, "आमचा अलाबामाला! बर्फ उपसायला!" "अलाबामाच्या कुठल्या भागात गं बर्फ?" दुसरी म्हणाली, आणि बस हसली. सगळी बस, पोट धरून. कोबी घरंगळून माझ्या पायाशी आला. मला हसू आलं नाही. हे सगळे माझे वाचक होते. यांनी माझ्या एकाही ओळीवर कधी विश्वास ठेवला नव्हता. त्यांनी ती नुसती सभ्यपणानं घडी करून बायबलात ठेवली होती, आणि त्या सभ्यपणापायी माझा भाऊ गुरुवारी एका सुईखाली झोपणार होता.

"स्कॅन झाला होता," मी म्हणालो. "आत असताना. मला माहीत होतं. त्या खोलीत मी गप्प बसलो." हसणं थांबलं. डेल्फीननं आरशातून माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच, आणि तो चेहरा मला पुन्हा पाहायला आवडणार नाही. "मला वाटायचं तू लाजतोस," ती म्हणाली. "तू लाजत नव्हतास. तू त्याला जिवंतपणीच छापून मोकळा झालास. फक्त दुसरी तारीख बाकी ठेवलीस." तिनं थांबा नसलेल्या ठिकाणी बस बाजूला घेतली आणि दार उघडलं. थंडी आत आली. "उतर. त्याच्याकडे जा. मी घरी काही विचारणार नाही, त्यालाच सांगू दे. पण कागद आज गेले पाहिजेत." "बाई, माझा कोबी," म्हातारा म्हणाला. मी कोबी उचलून त्याच्या हातात दिला आणि उतरलो.

रोझेल मोटारी धुण्याच्या कारखान्यात काम करतो, शेवटच्या टोकाला, फडकं घेऊन. मी सांगितलं तेव्हा तो एका लाल गाडीची काच पुसत होता, आणि सांगून झाल्यावरही तीच काच पुसत राहिला. तुरुंगाकडून कागद मागवायला त्याची सही लागणार होती. दवाखान्यातून घेतलेला फॉर्म मी गाडीच्या टपावर ठेवला. या वेळी कोरा. "डेल्फीनला कळलं?" "पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे तिला." "चपला?" "चपला. ताट. आणि दार." फडकं थांबलं. "दाराचं काय?" "तू उभा राहतोस म्हणे. कोणी उघडेपर्यंत." मागं यंत्राचे ब्रश फिरत होते, साबणाचं पाणी आमच्या बुटांखालून गटाराकडे चाललं होतं. "दाराचं मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. मग त्यानं पेन घेतलं आणि कागदाच्या अगदी जवळ जाऊन, प्रत्येक अक्षर वेगळं काढत, सगळं स्वतः भरलं : तुरुंगाचं नाव, कैदी क्रमांक, सालं. क्रमांक त्याला आठवावा लागला नाही. मला परत देताना म्हणाला, "त्या चर्चमध्ये, मासळीच्या रांगेत, मी तिला खरंच सांगणार होतो, दादा. वाक्य तयार होतं. कोठडीत बसून दोन वर्षं जुळवलं होतं." "काय होतं?" "आता काय उपयोग," तो म्हणाला, आणि पुढच्या गाडीकडे गेला.

कागद बुधवारी दुपारी आले, सुईच्या आदल्या दिवशी. डॉक्टरांनी आम्हा तिघांना बोलावून घेतलं. डेल्फीननं पाळी बदलून घेतली होती. दोघांनी रात्री काय बोलून घेतलं ते मला माहीत नाही, दोघांचेही डोळे सुजलेले होते आणि ती त्याच्या बाजूला, टेबलावरच, कागदाच्या चादरीवर बसली होती. डॉक्टर लिंडक्विस्टनी दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. जुन्या चित्रात तो डाग होता. वाटाण्याएवढा, जेमतेम एक सेंटिमीटर. नव्या चित्रात लिंबाएवढा. कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. "सुई नको," त्या म्हणाल्या. "रक्त गोठायची औषधं देऊन सरळ कापायचं. सोमवारी. अजून कापता येतं, एका बाजूला आहे. आणखी दोन महिने गेले असते तर मी हे वाक्य बोलले नसते. आज बोलतेय, पण खात्री देत नाही." मग त्यांनी जुन्या अहवालाचा शेवट वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या, त्यांच्या गोऱ्या गळ्यावर लाल डाग चढले. रोझेल म्हणाला, "वाचा मॅडम." त्यांनी वाचलं : " 'तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आवश्यक. रुग्णास निष्कर्षांची संपूर्ण कल्पना दिली. रुग्णाने समजून घेतले. रुग्ण समाधानी.' " खाली सही, नीट, वळणदार.

पाच वर्षांपूर्वी कोणीतरी एका टेबलाशी बसून हे लिहिलं होतं. घाईत नाही. 'समाधानी' हा शब्द घाईत सुचत नाही, तो हौसेनं घालतात. मी तो माणूस कधी पाहिला नाही, पण त्याचा हात मला ओळखू आला. कागदाच्या कोपऱ्यावर कॉफीच्या कपाचा गोल डाग होता, त्याच्यासकट ओळखीचा वाटला. रेघ आखूड होती आणि त्यानं त्यात सगळं बसवलं होतं. तो जल्लाद नसणार. पाच वाजता घरी जाणारा, बायकोला बरा वाटणारा, शब्दांची जाण असलेला कोणी असणार. माझ्या तोंडात पाणी सुटलं, ओकण्यापूर्वी सुटतं तसं, आणि ते मी गिळलं, कारण त्या खोलीत ओकण्याचा हक्क माझा नव्हता.

"असं काही झालं होतं का, मिस्टर टीग?" डॉक्टरांनी विचारलं. "मला नोंद करावी लागेल. तुमच्या शब्दांत." त्यांचा हात कीबोर्डवर होता आणि त्या सवयीनं माझ्याकडे वळल्या, कारण मागच्या खेपेला त्याच्या वतीनं बोलणारा मीच होतो. मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, वाईट नव्हतं. "दादाला विचारू नका," रोझेल म्हणाला. तो डॉक्टरांच्या खांद्यापलीकडे बघत नव्हता, तोंडाकडे बघत होता. "त्याला छान सांगता येतं. मी सांगतो, तुम्ही लिहा." कागद कुरकुरला, तो नीट सरकून बसला. "शनिवार होता. मला पलंगाला बांधलं होतं, एक हात, दोन्ही पाय. कोणी काही सांगितलं नाही. मी विचारलं, तर शिपाई म्हणाला, गप पड. मला लघवीला जायचं होतं. मी तीनदा म्हणालो. मग मी पलंगातच केली. ते लिहिताय ना?" "लिहितेय," डॉक्टर म्हणाल्या. "लिहा. मग दोन माणसं आली आणि एकमेकांशी बोलली, मला नाही, आणि एक हसला. आणि दुखत होतं. इथं. तेव्हाही दुखत होतं आणि मधे सगळी वर्षं दुखत होतं आणि आत्ता दुखतंय." डेल्फीननं त्याची पाठ धरली. डॉक्टर दोन बोटांनी हळू टाईप करत होत्या, चुकत होत्या, मागे जाऊन दुरुस्त करत होत्या. एक शब्द त्यांनी चुकीचा लिहिला तो मला माझ्या जागेवरून दिसला, आणि मी गप्प राहिलो. रोझेल सांगत होता. त्याला क्रम नव्हता, वाक्यं मधेच तुटत होती, त्या शनिवारावरून तो मागे, आत गेला त्या पहिल्या दिवसापाशी गेला होता आणि पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, आणि एकवीस वर्षांपैकी पहिलंच वर्ष अजून संपलं नव्हतं.